नऊ नियमांच्या कागदाबद्दल : आमच्या पंच कमिटीला खुले पत्र

आदरणीय पाळकसाहेब, पंच कमिटीचे सभासद आणि मंडळीतल्या बंधुभगिनींनो,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीचा रविवार) उपासना सुटल्यावर मंदिराच्या दाराशी असलेल्या फळ्यावर एक कागद लागला. मथळा होता ‘उपासनेत देवाचा आदर राखणेबाबत’. खाली नऊ नियम, त्याखाली सेक्रेटरींची सही आणि शिक्का. त्या दिवशी माझा चष्मा घरी राहिला होता, म्हणून नातवाकडून वाचून घेतला. दुसऱ्या दिवशी मुद्दाम चष्मा लावून परत गेले आणि उभ्या उभ्या दोनदा वाचला. ‘शिस्त’ हा शब्द त्यात सात वेळा आलाय. ‘प्रार्थना’ एकदाच, तीही ‘मोठ्याने करू नये’ म्हणून. छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यामुळे मोजायची खोड आहे, माफ करा.

हेच म्हणणं मी आधी कमिटीला लिहून दिलं होतं. ‘पुढच्या बैठकीत विषय घेऊ’ असं उत्तर आलं. ती बैठक झाली आणि विषय वेळेअभावी राहिला. म्हणून आता सगळ्यांपुढे ठेवते. मंडळीचं नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि बाकीच्यांनी वाटल्यास आपापल्या मंडळीचं नाव घालून वाचावं. आपल्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ वळत नाही) फारसं काही बदलावं लागणार नाही.

मी कोण ते नव्या लोकांसाठी सांगते. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस वाटून घेतो त्याचं, टेबल मांडणारी बाई मी. एकतीस वर्षं झाली. सासूबाईंच्या हातचं काम माझ्या हाती आलं. उपदेश करायचा अधिकार मला नाही आणि तो मी कधी मागितलाही नाही. पण शनिवारी संध्याकाळी रिकाम्या मंदिरात दोन-तीन तास काढले की बाकांखाली काय काय पडलेलं असतं ते दिसतं, आणि त्यावरून रविवारी कोण कसं बसलं होतं तेही कळतं.

सोपे नियम आधी उरकते. मोबाईल बंद ठेवावा, मान्य. गेल्या महिन्यात उपदेशाच्या ऐन मध्यावर वाजला तो फोन कमिटीच्याच बाकावरचा होता, पण असो. तोंडात सुपारी-तंबाखू ठेवून आत येऊ नये, मान्यच, आणि हे लिहायची वेळ आली याची लाज वाटते. बायकांनी डोक्यावर पदर किंवा ओढणी घ्यावी. मी घेते, माझी आई घ्यायची, आजी घ्यायची. या नियमाला आधार म्हणून कमिटीने बायबलमधल्या पौलाच्या, करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय दिलाय. पण तो अध्याय पदराशी संपत नाही. अर्ध्यावर आला की तो प्रभुभोजनाकडे वळतो आणि तिथं पौलाचा आवाज चढतो. कमिटीने अर्धा अध्याय वाचला. उरलेल्या अर्ध्यावर मी येतेच आहे.

त्याआधी पाचवा नियम. ‘गायनाच्या वेळी टाळ्या, मध्येच मोठ्याने आमेन म्हणणे, सर्वांनी एकदम मोठ्याने प्रार्थना करणे टाळावे. देवापुढे शांतता हाच आदर.’

हा ‘हाच’ कुठून आला? नगरहून दौंडकडची गाडी धरली की पुढे केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. १९०५ च्या जूनअखेरीस तिथं जे झालं ते आपल्या घराघरांत सांगत आलेत. दुष्काळातून उचलून आणलेल्या, नवऱ्याने टाकलेल्या, बालविधवा अशा शेकडो मुली-बाया एकाच वेळी मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या. रमाबाई त्या वेळी पवित्र शास्त्रातून, म्हणजे बायबलमधून, शिकवत होत्या, त्यांना शिकवणं थांबवावं लागलं. लक्षात घ्या, थांबल्या त्या रमाबाई. संस्कृतची पंडिता, पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर करणारी बाई. ते भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९२४ ला छापून बाहेर आलं. मूळ भाषेतला एकेक शब्द इतका जपणाऱ्या बाईला देवाचा आदर कळत नव्हता असं कोण म्हणेल? त्यांनी मुलींना ‘गप्प बसा’ म्हटलं नाही.

आणि टाळ्यांचं म्हणाल, तर नारायण वामन टिळकांना विसरून कसं चालेल? १८९५ ला त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेव्हा आपल्या मंडळ्यांत इंग्रजी चालींवर ओढूनताणून बसवलेल्या मराठी ओळी कितीतरी गायल्या जात. हलकं अक्षर जिथं यायचं तिथं सूर लांबायचा आणि अर्थाचा पाय मोडायचा. टिळकांनी पदं दिली, अभंग दिले, भजन दिलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो असं ते सांगत. आज आपल्या ‘उपासना संगीत’ या गीतांच्या पुस्तकातून टिळकांना वजा केलं तर आपल्याला गायला किती उरेल ते कॉयरवाल्यांना विचारा. भजन म्हटलं की पेटी आली, तबला आला, झांजा आल्या, आणि टाळीही आलीच. ती नियमाने बंद करायची तर टिळकांची पदं नुसती वाचून दाखवावी लागतील.

दावीद राजा देवाच्या कोशापुढे, म्हणजे कराराच्या पेटीपुढे, सगळ्या ताकदीनिशी नाचला तेव्हा खिडकीतून पाहून नाक मुरडणारी त्याची बायको मीखल होती. आपल्या मंदिरालाही खिडक्या पुष्कळ आहेत.

तरी एक गोष्ट कमिटीच्या बाजूने बोलते. शांततेची भूक मलाही आहे, फक्त ती गाण्याच्या मध्ये नाही, शेवटी. माझ्या लहानपणी पाळकांनी आशीर्वाद दिला, आमेन झालं, की कोणी उठत नसे. सगळे डोकं खाली घालून थोडा वेळ तसेच बसत. किती वेळ ते कोणी ठरवलेलं नव्हतं. पहिल्या बाकावरची एखादी म्हातारी खोकली की उठायचं. आता आमेनचा न म्हणायच्या आत बाहेर मोटारसायकली सुरू होतात. परमेश्वर आपल्या पवित्र मंदिरात आहे, सगळी पृथ्वी त्याच्यापुढे स्तब्ध राहो, हे हबक्कूक संदेष्ट्याचं वचन वेदीमागच्या भिंतीवर आपण पितळी अक्षरांत लावलंय. ती अक्षरं मीच पुसते. त्या एका मिनिटाबद्दल नऊ नियमांत ओळ नाही.

सहावा नियम चपलांचा. ‘पादत्राणे दाराबाहेर काढावीत (स्टेजवरील वादक व निमंत्रित मान्यवर वगळून).’

इथं मला जरा थांबायचंय, कारण ही गोष्ट आमच्या घरची आहे. माझ्या आजीचे वडील नेवासे तालुक्यातले. गावात वरच्या आळीतून जाताना आमच्या लोकांना वहाणा पायातून काढून हातात घ्याव्या लागत. शिकून मिशनच्या शाळेत ते मास्तर झाले. पहिल्या पगारात त्यांनी स्वतःला वहाणा घेतल्या आणि त्या घालून मंदिराच्या दारापर्यंत आले. दाराशी त्या त्यांनी स्वतःहून काढल्या. कोणीतरी विचारलं म्हणे, मास्तर, इथं तर कोणी काढायला सांगत नाही? ते म्हणाले, म्हणूनच काढल्या. आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा हसायची, आणि आम्हा मुलांना त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळायचं नाही.

आपल्या जुन्या मंडळ्यांत ही एक गंमत होतीच. साहेबाच्या रीतीत आत येताना टोपी काढणं म्हणजे आदर, पायात बूट असले तरी चालत. आपल्या रीतीत डोकं झाकायचं आणि पाय उघडे ठेवायचे. त्यामुळे दोन्हीकडचा आदर पाळायच्या नादात आमचे आजोबा पागोटं काढून मांडीवर ठेवायचे आणि वहाणाही बाहेर ठेवायचे. त्यांना त्यात काही अडचण वाटली नाही. जळत्या झुडुपापुढे मोशेला देवानेच जोडे काढायला सांगितले होते, मधे कोणी सेक्रेटरी नव्हता.

तेव्हा माझं म्हणणं, चपला काढण्याची रीत चांगली आहे, जरूर ठेवा. पण तिचा हुकूम करायचा असेल तर कंस खोडा. आमच्या आजोबांच्या गावात नियम असेच असायचे, एकांना लागू आणि दुसऱ्यांना वगळून. कॅथलिकांसाठी रोमने १९६९ ला भारतातल्या उपासनेत बारा बदल मंजूर केले होते. त्यात जमिनीवर बसणं, पादत्राणं काढणं, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून खाली वाकणं, पंचांग प्रणाम, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा हे सगळं होतं. पुष्कळ कॅथलिकांनाच ते पटलं नाही, हे मूर्तिपूजकांचं अनुकरण आहे असा आरडाओरडा झाला. पण मला त्यातली भाषा आवडली. सगळीकडे ‘करता येईल’ असं होतं, ‘केलेच पाहिजे’ असं नव्हतं.

जमिनीवर बसण्यावरून आठवलं. वेदीसमोरची सतरंजी काढलीत. स्पीकर ठेवायला जागा हवी म्हणून. त्या सतरंजीवर सात-आठ म्हाताऱ्या बसायच्या. त्यांना बाकावर बसवलंत, चांगल्या भावनेनेच. बाक म्हणजे आपल्या लोकांना मिळालेला मान होता हे मी विसरलेले नाही. ज्यांना चावडीत उंबऱ्याबाहेर बसवत त्यांना इथं सगळ्यांच्या बरोबरीने बाक मिळाला. पण या बायका तिथं कोणी बसवलं म्हणून बसत नव्हत्या. त्यांना प्रार्थनेला कपाळ जमिनीला टेकवायचं असतं, आणि बाकावरून ते टेकत नाही. स्पीकर भिंतीला टांगता येतो.

मुलांना उपासनेच्या वेळी वेगळ्या खोलीत बसवावं, या नियमावर फार लिहीत नाही. मुलांना हाकलणारे शिष्य होते आणि प्रभू त्यांच्यावर रागावला, हे संडे स्कूलच्या पहिल्या वर्गात शिकवतात. त्या वर्गालाच आता त्या खोलीत पाठवायचं ठरलंय.

आता दाराकडे येते. आठवा नियम : ‘उपासना सुरू झाल्यानंतर दहा मिनिटांनी मुख्य दार बंद करण्यात येईल.’

आपल्याकडे उशिरा कोण येतं, कधी पाहिलंत? मी पाहिलंय, कारण मी दाराशेजारच्या खांबाला टेकून बसते. काही तरुण येतात, त्यांना झोप आवरत नाही, ते सोडा. पण चौघी-पाच जणी अशा आहेत की ज्या रविवारीही तीन घरची भांडी घासून येतात. रविवारी तर त्या घरांत पाहुणे, म्हणजे भांडी जास्त. त्या साडेनऊच्या उपासनेला दहाला पोचतात, साडीचा काठ ओला असतो. आणि आता त्यांच्यासाठी दार बंद, देवाच्या आदरापोटी.

इथं तो उरलेला अर्धा अध्याय उघडा. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजन म्हणजे खरंच जेवण असायचं. ज्यांच्याकडे होतं ते आपलं आपलं आधीच खाऊन घेत. एक भुकेला राहायचा आणि दुसरा पिऊन तर्र व्हायचा. मजूर आणि गुलाम मालकाचं काम उरकूनच येत असणार, तोवर ताटं रिकामी. यावर पौल चिडून विचारतो, तुम्ही देवाच्या मंडळीला तुच्छ मानता काय, ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना लाजवता काय? अयोग्य रीतीने भाकर खाणं, प्याला पिणं, शरीर न ओळखणं, दंड ओढवून घेणं, ही सगळी भीतीदायक वाक्यं, जी प्रभुभोजनाआधी आपले पाळकसाहेब जड आवाजात वाचतात, ती याच भांडणातून आलीत. आणि एवढं सगळं झाल्यावर पौल उपाय काय सांगतो? कपडे, आवाज, शिस्त यातलं काही नाही. तो म्हणतो, भोजनाला एकत्र जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा.

इतकंच. मी शाळेत असते तर फळ्यावर लिहून खाली दोन रेघा ओढल्या असत्या.

दार बंद करण्यामागे आणि नवव्या नियमामागे कारण एकच दिसतं, वेळ. नववा नियम असा : ‘प्रभुभोजन यापुढे सीलबंद कपांतूनच देण्यात येईल. कप प्रवेशद्वाराशी घ्यावेत व वापरानंतर बादलीत टाकावेत.’

ज्यांनी ते पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. चहाच्या टपरीवरच्या कपाहून लहान प्लॅस्टिकचा कप. वर एक पातळ पापुद्रा, त्याखाली नाण्याएवढी बिस्किटासारखी चकती, मग दुसरा पापुद्रा, त्याखाली घोटभर रस. कोरोनात हे आले तेव्हा मीच कमिटीला म्हटलं होतं की आणा. लोक मरत होते, त्या वेळी एकमेकांना जपणं हाच आदर होता. पण ते दिवस गेले. कप राहिले, कारण त्यांनी वीस मिनिटं वाचतात.

आधी काय होतं ते सांगते. फेब्रुवारी-मार्चला काळी द्राक्षं स्वस्त होतात. ती धुऊन, कुस्करून, थोडी साखर घालून उकळायची, मलमलच्या फडक्यातून गाळायची, बाटल्या गरम पाण्यातून काढून त्यात भरायची. न आंबवलेल्या रसाची ही रीत तशी जुनीच. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या वाइनलँड गावी थॉमस वेल्च नावाचा एक मेथडिस्ट दातांचा डॉक्टर होता, त्याने १८६९ ला बाटल्या तापवून द्राक्षरस न आंबता टिकवायची युक्ती काढली, ती मुळी प्रभुभोजनासाठीच. पुढे त्याचा मोठा धंदा झाला. मला हे कळलं तेव्हा बरं वाटलं की माझ्यासारखंच कोणीतरी स्वयंपाकघरात बाटल्या उकळत बसलं होतं.

शनिवारी पाचला मंदिरात जायचं. पांढरं कापड आदल्या दिवशी धुऊन इस्त्री केलेलं असतं. पावाच्या कडा कापून बारीक चौकोनी तुकडे करायचे. काचेचे छोटे पेले, एकशे साठ, एका ताटात चाळीस बसतात. प्रत्येक पेला उजेडात धरून पाहायचा. सासूबाई म्हणायच्या, बोटाचा ठसा दिसता कामा नये, हा पेला कोणाच्या ओठाला लागणार ते आपल्याला माहीत नाही. त्यांनी मला प्रभुभोजनाचा अर्थ कधी सांगितला नाही, पेले पुसायला शिकवलं.

या छोट्या पेल्यांबद्दलही माझ्या आजीची तक्रार होती. तिच्या आईच्या वेळी सगळी मंडळी एकाच प्याल्यातून पीत असे. १८९० च्या दशकात अमेरिकेत रोगजंतूंच्या भीतीने वेगवेगळे पेले निघाले आणि हळूहळू सगळीकडे पसरले. अमेरिकेत ती आरोग्याची गोष्ट होती. आपल्या मुलखात एका प्याल्याचा अर्थ वेगळा होता. ज्यांची सावली चालत नसे त्यांच्या ओठाचा प्याला ब्राह्मण ख्रिस्त्याने हातात घ्यायचा आणि प्यायचा. गावाने वाळीत टाकायला तेवढं पुरत होतं. वेगळे पेले आले तेव्हा ते एक निसटलं. तरी एक टेबल राहिलं, एक ताट राहिलं, शेजारच्याच्या हातातून ताट घ्यायचं राहिलं. सीलबंद कपात तेही उरत नाही. दाराशी घ्यायचं, आपल्या जागी फोडायचं. मागच्या खेपेला पाळकसाहेब ‘हे माझे शरीर’ म्हणत होते आणि दीडशे पापुद्रे एकदम फाटल्याचा आवाज आला. पुढच्या बाकावरच्या एका आजोबांची बोटं थरथरतात, त्यांना तो पापुद्रा निघेना. त्यांनी दातांनी फाडला.

मग बादली. रस तळाशी राहिलेले कप, अर्धवट चकत्या, सगळं एकत्र. सोमवारी नगरपालिकेच्या घंटागाडीत.

माझी धाकटी सून वसईकडची, कॅथलिक घरातली. लग्नानंतर पहिल्यांदा आपल्या मंदिरात आली तेव्हा बाकाशी पोचताच तिचा गुडघा आपसूक टेकला. मग तिने समोर पाहिलं आणि गोंधळली. तिच्या चर्चमध्ये वेदीजवळ पवित्र भाकरीची पेटी असते, शेजारी तांबडा दिवा जळत असतो, गुडघा त्या दिशेला टेकायचा असतो. इथं समोर ड्रमसेट होता. ती काही बोलली नाही. पण सीलबंद कपांच्या रविवारी घरी आल्यावर तिने विचारलं, आई, ते उरलेलं कुठं टाकलं? त्यांच्याकडे भाकरीचा कण जमिनीवर पडला तर उचलून खातात, ती जागा पाण्याने पुसतात. मी तिला म्हटलं, आपली शिकवण वेगळी आहे, आपण भाकर ही भाकरच मानतो. ती म्हणाली, हो, पण घरी भाकरी पडली तर तुम्ही उचलून कपाळाला लावता.

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. कमिटीकडे असेल तर फळ्यावर लावा.

पद्धतींचा मी हट्ट धरत नाही. १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा सहा वेगवेगळ्या चर्चघराण्यांच्या रीती एका छपराखाली आल्या. कोणी वेदीपुढे गुडघे टेकून घेणारे, कोणी आमच्यासारखे, अमेरिकन मिशनच्या वळणाचे, बाकावर बसून डीकनच्या (मंडळीतल्या सेवकाच्या) हातातल्या ताटातून घेणारे. कोणाचाही अनादर नव्हता, कारण प्रत्येक रीतीत कोणीतरी कोणालातरी देत होतं. वीस मिनिटं लागत होती ती त्याच देण्याघेण्याला.

आणि वेळेचाच प्रश्न असेल, तर नाताळच्या उपासनेत पाऊण तास कुठं गेला ते आठवा. पहिल्या बाकापुढे सोफा लावला होता. सतरंजीवाल्या म्हाताऱ्या तेव्हाही हलवल्या होत्या. प्रार्थना आणि उपदेश यांच्या मध्ये शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. एकेका मान्यवराचा परिचय. मग मान्यवरांचं मनोगत, त्यात मंदिराच्या संरक्षक भिंतीचं आश्वासन. मान्यवर उपदेशाआधी निघून गेले, त्यांच्याबरोबर अर्धी कमिटी दारापर्यंत गेली. सोन्याची अंगठी घातलेल्याला ‘इथं चांगल्या जागी बसा’ आणि गरिबाला ‘तू तिथं उभा राहा’ म्हणणाऱ्या मंडळीला याकोबाने पत्र लिहिलं होतं, ते नव्या करारात आहे. पाहुण्यांचा मान जरूर करा. उपासना संपल्यावर, बाहेर मांडवात, चहाबरोबर करा, मी स्वतः भजी तळून देते. पण नऊ नियमांत हा दहावा नाही, हे पाहून मला आश्चर्य वाटलं नाही.

‘परमेश्वराचे भय’ हा शब्द मी मुलांना शिकवायचे तेव्हा ती विचारायची, बाई, भय म्हणजे भीती का? मी सांगायचे, गच्चीवरून पहिल्यांदा चांदणं पाहिलं की बोलता येत नाही, तसलं काहीतरी. नोटीस वाचून मला ते भय आठवलं नाही, हेडमास्तरांचा धाक आठवला.

तर माझ्या मागण्या. दार उघडं ठेवा. सतरंजी परत अंथरा. चपलांच्या नियमातला कंस खोडा. सत्कार मांडवात न्या. आशीर्वादानंतर पहिल्या बाकावरचं कोणी उठेपर्यंत मोटारसायकलींना थांबवा, हे काम तरुण संघाकडे द्या, ते आनंदाने करतील. आणि प्रभुभोजनाच्या आधी पाळकसाहेबांनी एकदा दाराकडे पाहावं, कोणी यायचं राहिलंय का ते.

काचेचे पेले माझ्याकडेच आहेत, कपाटात, वर्तमानपत्रात गुंडाळून. काढून पाहिले, चार तडकलेत, बाकीचे चांगले आहेत. येत्या शनिवारी पाचला मी मंदिरात असेन. माझे गुडघे आता पूर्वीसारखे नाहीत आणि सून बाळंतपणासाठी माहेरी गेली आहे, त्यामुळे पेले धुवायला एक आणि पुसायला दोन माणसं लागतील. ज्यांनी नऊ नियम लिहिले त्यांनी यावं, ही विनंती. फडकी मी आणते. येताना हात साबणाने धुऊन या.

आपली बहीण,
दाराशेजारच्या खांबापाशी बसणारी